वारा अडवणारी तूर

मी तूर. पण शेताच्या मधली नाही बरं का, बांधावरची! रायपूरपासून तासाभराच्या वाटेवर मंदाकिनीबाईंचं वांग्याचं शेत आहे, त्याच्या कडेची तुरीची ओळ ती मीच. आता वाळून खडखडीत झालेय, उद्या विळा लागेल. त्याआधी थोडं बोलून घेते.

बांधापलीकडे बाईंच्या धाकट्या दिरांचं, शालिग्रामभाऊंचं टमाटर. ते औषध मारतात, आणि वारा काही कुणाची हद्द पाहत नाही. म्हणून बाईंनी आपल्याच जमिनीची पट्टी सोडली आणि तिथे मला पेरलं. फवारा मी अंगावर घ्यायचा, आतली वांगी चोख राहायची. माझ्या शेंगा कधी 'बिनऔषधाच्या' म्हणून विकल्या नाहीत. वाईट वाटलं का? छे! शेणखत, जीवामृत, सगळं मलाही मिळालं. बांधावरच्या तुरीचे इतके लाड कोण करतं हो?

बाईंच्या गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. बाहेरचा साहेब येत नाही. सगळ्यांनी होकार दिला तरच मालावर गटाचा 'बिनऔषधाचा' असा शिक्का. तो पाहूनच रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या बाया रविवारच्या बाजारात यांच्याकडे येतात. एकाने लपवाछपवी केली तर सगळ्यांवरचा विश्वास उडायचा.

यंदा घोळ घातला बाईंच्या मुलाने, परागने. सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्यूटीवर जायला जवळ पडतं म्हणून मोटरसायकल माझ्यातूनच काढायचा. आई ओरडली की म्हणायचा, "अरे आई, शॉर्टकट है ना!" झालं, मधोमध चांगलं खिंडार पडलं. पुढे त्याचं तिथून जाणं थांबलं, आणि खिंडारावर दोडक्याचा वेल असा पसरला की कुणाला दिसू नये.

तपासणीच्या दिवशी गटातल्या शेवंताबाई सगळ्यांना घेऊन आल्या, शेत फिरल्या, माती हातात घेऊन पाहिली. "हव, सगळं बरोबर आहे," म्हणून निघाल्याही. बाईंची नजर मात्र त्या वेलावर. भर मोसमातली वांगी होती, मेहनत काय थोडी असते? मग एकदम पुढे झाल्या आणि वेल ओढून बाजूला केला.

"शेवंता, हे पाह्यलंच नाही तू. इथून फवारा आत आला असंल."

शेवंताबाईंनी कपाळावर हात मारला. "काहून सांगितलं व बाई? कोणाले दिसत होतं?"

"माह्यं वांगं कोणाचं तरी लेकरू खाईल ना! मी त्याच्या मायच्या तोंडाकडे कशी पाहू?"

खिंडाराजवळच्या वांग्यांना शिक्का मिळाला नाही. बाकीच्यांना मिळाला.

बाजारातलं मी पाहिलं नाही. माझ्या शेंगा चाचपताना बाईंनीच सांगितलं. त्या रविवारी त्यांनी दोन टोपल्या मांडल्या, एक शिक्क्याची, एक बिनशिक्क्याची. नेहमीच्या गिऱ्हाईक सुनीतीताईंनी विचारलं, "ही वेगळी काहून ठेवली?"

"त्याले शेजारच्या फवाऱ्याचा वारा लागला, ताई. माह्याच ओळीत खिंडार होतं."

मागेच शालिग्रामभाऊ टमाटरचे क्रेट उतरवत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

संध्याकाळी ते बांधावर आले. "वैनी, माह्यं नाव काहून नाही घेतलं?"

"ओळ माही तुटली होती, भाऊजी."

भाऊंनी माझी एक शेंग तोडून दाणे तळहातावर घेतले. मग म्हणाले, "औषध मी मारून राहिलो अन् जागा तुमची चालली. हा कोणता न्याय झाला? मले या तुरीचं बी द्या वैनी. आता ओळ माह्या वावरात लागंल."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मीही रडले असते.

बाई, तुमचे उपकार मी कुठे फेडू? भाऊंचेही तितकेच. येत्या पावसाळ्यात मी बांधाच्या त्या बाजूला उगवेन आणि फवारा त्यांच्याच शेतात अडवेन. तुमची पट्टी तुम्हाला परत दिली. तिथे वांगी लावा, आणि शिक्क्यानिशी विका!