उघडी राहिलेली खिटी

मित्रांनो, मी एक जुनं जाळीचं कपाट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं काही पाहिलंही नसेल, कारण तुमच्या घरी अन्न ठेवायला फ्रीज असतो. मला चार बुटके पाय आहेत, आत तीन फळ्या आहेत, बारीक तारेच्या जाळीची दोन दारं आहेत आणि ती दारं बंद ठेवायला लाकडाची एक फिरती खिटी आहे. खिटी आडवी केली की दार बंद, उभी केली की उघडं. एवढीच माझी अक्कल. पण याच खिटीपायी एका मुक्या जीवाचं घर सुटलं. ते कसं सुटलं हे घरात दोघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक मी.

माझा जन्म भुसावळचा. वना मिस्त्रीने रेल्वेच्या क्वार्टरमागे बसून, सागाच्या जुन्या फळ्या तासून मला घडवलं. माझे मालक सुपडू आबा तेव्हा ऐन जवानीत होते आणि फाटकावर गेटमन होते. मांजर दूध पिऊन जातं म्हणून त्यांच्या बायकोने, ताईबाईने, हट्टाने मला करून घेतलं होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून ती माझ्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवी. दर अमावास्येला मला ओल्या फडक्याने पुसून काढी. शेजारणी येऊन माझी जाळी बोटाने दाबून बघत आणि ताईबाईचा चेहरा फुलून येई. मीही तेव्हा जरा फुशारलेलाच होतो, खोटं कशाला सांगू?

आबांची एक सवय तुम्हाला सांगून ठेवतो. फाटक लावल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे नोकरीने त्यांच्या अंगात इतकं भिनवलं होतं की घरातही त्यांच्या हातून एक दार उघडं राहत नसे. माझ्यातून भाकर घेतली की ती तशीच हातात धरून आधी खिटी आडवी करायची, आणि मग पहिला घास. ताईबाई त्यावरून त्यांना हसायची. बत्तीस वर्षं नोकरी झाली, पण फाटक उघडं राहिलं असं एकदाही घडलं नाही.

निवृत्त झाल्यावर आबा मला टेम्पोत घालून पारोळ्याला, आपल्या गावी घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी ताईबाई गेली. माझ्या पायांखालच्या वाट्या त्या साली कोरड्या पडल्या, त्या पुन्हा कुणी भरल्या नाहीत. मला मागच्या पडवीत ढकलण्यात आलं.

आता घर चालवतात ते आबांचा मुलगा कुंदन आणि सून सुनिता. सुनिताच्या हाताला चव आहे. खापरावरच्या पुरणपोळ्या ती अशा करते की धुळ्या-जळगावहून फोन येतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. त्यावर टाकायची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करावी लागते. दिवसभर घरात चूल धडधडत असते, फोन वाजत असतो, डबे भरले जात असतात. फ्रीज गिऱ्हाइकांच्या पुरणाने भरून गेला, म्हणून घरच्यांचं अन्न पुन्हा माझ्या वाट्याला आलं.

आणि माझ्या दारावर एक कागद चिकटला. आबांना साखरेचा आजार निघाला होता. कागदावर लिहिलं होतं, 'आबा : दोन भाकरी, पालेभाजी, वरण. गोड बंद.' सुनिता वाईट नाही हो. तिने कागद नेमाने पाळला. दोन म्हणजे दोन. पण ताट ठेवून ती चुलीकडे पळे, आणि आबांचं पोट भरलं का, हे विचारायला त्या घरात कुणाला सवड नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंत तुपाचा आणि वेलदोड्याचा वास, आणि समोर मेथीची भाजी. तुम्ही बसून बघा एक दिवस.

या घरात एक चोरही होता, उघड आणि बदनाम. त्याचं नाव गार्ड. बाजाराच्या दिवशी आबांच्या मागे मागे आलेलं कुत्र्याचं काळं-पांढरं पिल्लू. चालताना नेहमी मागे राही, म्हणून आबांनी त्याचं नाव गार्ड ठेवलं. गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो ना, तसं. हा गार्ड महाबिलंदर! एकदा त्याने बट्टीचं अख्खं टोपलं पडवीतून अंगणात ओढत नेलं. एकदा शेवेची पिशवी पळवली आणि तिखट लागलं म्हणून सुनिताच्याच पाण्याच्या घागरीत तोंड बुडवलं. सुनिताने टोपल्यावर पाटा ठेवला, गार्डने पाटा पाडला. तिने भाकरीला मिरचीची पूड लावून ठेवली. गार्डने ती खाल्ली, सात-आठ वेळा शिंकला आणि दुसरी मागायला आला.

"आबा, तुमना कुतरा आते मना हातना मार खाई!" सुनिता ओरडे. आबा मिशीतल्या मिशीत हसत आणि आपल्या दोन भाकरींतला चतकोर गुपचूप गार्डला देत. मग सगळं अन्न माझ्या आत, खिटीआड ठेवायचं ठरलं. गार्ड माझ्यासमोर बसून जाळीतून वास घेई, पंजाने दार खरवडे. खिटी काही त्याला जमली नाही.

तरी चोरी चालूच राहिली.

दुपारी घर कामात बुडालेलं असताना आबा यायचे. खिटी उभी करायचे. कधी भाकर, कधी गुळाचा खडा, कधी बाजूला ठेवलेली तुटकी पोळी. भिंतीकडे तोंड करून, भराभर खायचे. शेवटचा तुकडा गार्डला द्यायचे. आणि जाताना, इतक्या वर्षांची सवय, खिटी आडवी. मित्रांनो, माझ्या धन्याला मी त्याच्याच घरात चोरासारखं खाताना पाहत होतो. मला फार वाईट वाटे. पण बोलू कसा?

संध्याकाळी पोळ्या कमी भरत आणि नाव गार्डचं निघे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस राहिले असताना कुंदनची मुलगी मेघा, कॉलेजात जाते ती, माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मम्मी, कुत्रा दार उघडत असेल, मानलं. पण खाऊन झाल्यावर खिटी परत कोण लावतं गं?"

कुंदन हसला. "शिकी गया व्हई तो! आबाना कुतरा शे ना!"

सगळे हसले आणि आपापल्या कामाला लागले. आबा हसले नाहीत. ते खाटेवर बसून आपल्या हाताकडे बघत होते.

अखाजीचा दिवस उजाडला. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाचं पान दाखवतात. पान दाखवण्याआधी त्यातलं काही कुणी तोंडात घालत नाही. ताईबाईच्या घागरीची पोळी सुनिताने सर्वांत आधी केली, तुपाने माखली आणि माझ्या वरच्या फळीवर ठेवली. "कोनी हात लावू नका!" म्हणाली आणि गिऱ्हाइकांच्या पोळ्यांकडे वळली. त्या दिवशी ऑर्डरी इतक्या, की दुपारचे दोन वाजले तरी पान दाखवायचं राहूनच गेलं होतं. आबा सकाळपासून उपाशी होते. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ते आले. खिटी उभी केली. पोळीकडे पाहत उभे राहिले. "ताईबाई, तू तं समजी लेशी," असं काहीसं पुटपुटले आणि अर्धी पोळी तोडून उभ्या उभ्या खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालत होतं.

मग त्यांचा हात खिटीवर आला. मी वाट पाहिली. हात तिथेच थांबला. 'खिटी परत कोण लावतं', हे मेघाचं बोलणं त्यांना आठवलं असणार. आबांनी हात काढून घेतला, दार सताड उघडं टाकलं, आणि पडवीच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सुपडू गेटमनने फाटक उघडं सोडलं.

गार्ड माझ्या पायाशीच झोपला होता. त्याला वास आला. दोन पाय फळीवर टेकवून त्याने उरलेली अर्धी पोळी ओढली, तेवढ्यात डांगर हातात घेऊन सुनिता आली.

पुढचं सांगताना माझ्या फळ्या कडू होतात. पितरांच्या पानाला कुत्र्याने तोंड लावलं! सुनिता रडू लागली. कुंदनने पायातली चप्पल काढली. गार्ड मार खात खात आबांच्या पायाशी पळाला आणि त्यांची तुपाने माखलेली बोटं चाटू लागला.

"दखा, कशी माफी मांगी राहिना!" कुंदन म्हणाला. "आबा, दार कोनी उघाडं?"

मी जीव मुठीत धरून होतो. एकच वाक्य हवं होतं.

"माले काय माहीत?" आबा म्हणाले आणि बोटं पंच्याला पुसली.

त्याच संध्याकाळी शिरपूरकडे पोळ्या घेऊन जाणाऱ्या गाडीत गार्डला चढवलं. डोंगराकडच्या फाट्यावर कुठेतरी सोडून दिलं म्हणतात. मेघा रडली. आबांनी गाडीमागे जाऊन मागचं दार नीट लागलं का तेवढं पाहिलं.

त्या दिवसापासून आबांनी माझ्या खिटीला हात लावलेला नाही. आता पोळ्या मोजल्या की पुऱ्या भरतात. सुनिता येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगते, "कुतरा गया नि चोरी बंद व्हयनी!" सगळ्यांना पुरावा मिळाला. आबांनी आपल्या पश्चात्तापानेच गार्डला कायमचा चोर ठरवला.

आता ते आपल्या ताटातली एक भाकर कागदात गुंडाळून माझ्या खाली, गार्ड झोपायचा तिथे ठेवतात. ती तिथेच वाळते. परवा झाडताना सुनिताला अशा पाच-सहा भाकरी सापडल्या. ती कावली. "आबा, खावानं नही तं लेतस कसाले? आते एकच भाकर वाढसू."

माझ्या दारावरचा कागद तिने पेनने दुरुस्त केला. दोनचा एक झाला.

मित्रांनो, मला पुसू नका, माझ्या वाट्यांत पाणी भरू नका. माझं आता काय व्हायचं ते होवो. पण तुमच्या घरातून अन्न नाहीसं होऊ लागलं, तर कुत्र्याला शोधायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, "पोट भरलं का?" आमच्या घरात हे कुणी अजून विचारलेलं नाही.