पुढचा वाटा

यशोदाबाई आणि भाईदास यांचा घटस्फोट धुळ्याच्या कोर्टात राजीखुशीने झाला. जन्मभर ज्यांचं कशावर म्हणून एकमत झालं नाही, त्यांचं नेमकं यावर झालं! अडलं ते घरापाशी. एस.टी.तून रिटायर झालेला भाईदास म्हणे, विकून टाकू. पण गुलाब आणि प्रमिला, दोन्ही पोरं नोकरीला लागलेली, त्याच घरात राहत होती. वकील म्हणाला, "मुलं सज्ञान आहेत, त्यांचा प्रश्नच येत नाही."

"प्रश्न नसेल, पण आमच्या खाटा आहेत ना तिथे!" प्रमिला फणकारली.

शेवटी गावाकडून भाईदासचे चुलते चिंधा आबा आले. भावाभावांत शेत वाटतात तसंच घर वाटायचं, असं त्यांनी ठरवलं. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. घर विकायचं नाही, पोरांनी वाटेल तिकडे झोपावं. वाटे भाईदास पाडणार, उचलणार यशोदाबाई.

यशोदाबाईंना मनातून गुदगुल्या झाल्या. त्यांना हवी होती पुढची खोली आणि तिच्यासमोरचा ओटा. लग्न झाल्यापासून त्या ओट्यावर भाईदास बसत आला आणि त्या आतून चहा पाठवत आल्या. तिथे पाय पसरून बसायचं, येणारंजाणारं बघायचं, एवढीच इच्छा. पण भाईदासला तिचा नुसता वास लागला असता, तरी ओटा हातचा गेला असता.

मग बाईंनी सोंग आणलं. तोंड अगदी गरीब करून म्हणाल्या, "गुलाबना बाप, सैपाकघर नीट मोजा हं. माले तेनाबिगर करमस नही."

भाईदास मनात हसला. बाईमाणूस चूल सोडून जाणार कुठे? त्याने मागच्या वाट्यात स्वयंपाकघर आणि परस घातलं. पुढची खोली आपलीच, या भरवशावर पलंग, पंखा आणि नवाकोरा टीव्ही हळूच पुढच्या वाट्यात सरकवला.

"उचल आते," आबा म्हणाले.

यशोदाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाईदासने सुटकेचा निःश्वास सोडला. बाई तांब्याभर पाणी प्यायल्या, परत आल्या आणि पलंगावर ऐसपैस बसल्या.

"हाऊ मना वाटा."

"अवं, आनि सैपाकघर?"

"ते तुमनं."

आबांना हसता हसता ठसका लागला. गुलाबने घाबरून विचारलं, "मग आम्ही जेवायचं कुठे?"

"ज्याचं स्वयंपाकघर, त्याच्याकडे," प्रमिला म्हणाली आणि आईला जाऊन बिलगली.

संध्याकाळी परसात कपाशीच्या काड्या पेटल्या. वांगी भाजता भाजता भाईदासने बोटं भाजून घेतली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्याची हाक आली, "मीठ कितलं टाकू?"

"तुमना वाटामा मी कसाले बोलू?" यशोदाबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्यांनी पाय पसरले होते. समोरून जाणारी भाजीवाली धुरपदाबाई थांबून बघतच राहिली.

शेवटी भाईदास ताट घेऊन दारात थबकला. अंगावर राख, कपाळावर घाम. आपणच बांधलेल्या घरात त्याने विचारलं, "येऊ का?"

"या."

भरीत खारट होतं, भाकरी एका बाजूने करपलेली. पण बसल्या जागी कुणी हातात ताट आणून द्यावं, हे लग्नानंतर यशोदाबाईंच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना.

"आखो वाढा," रिकामं ताट पुढे करत त्या म्हणाल्या.