बापाची साक्ष

ग्विझार्दोंनी शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवला. उभी हयात त्यांनी बोलोन्यात धर्मकायदा शिकवला होता. बिशपच्या वतीनं समोर न्यायाला बसलेला ओद्दोही त्यांचाच विद्यार्थी.

“गुरुजी, तुम्ही स्वतः ऐकलंत?”

“ऐकलं. लांबेर्तो म्हणाला, ‘मी तुला बायको म्हणून स्वीकारतो.’ माझ्या मुलीनं, गिस्लानंही तसाच शब्द दिला.”

मागं घरातली म्हातारी मोलकरीण बेर्ता तीच शपथ घ्यायला उभी होती. दोन साक्षी पुरत होत्या. धर्मकायद्यानं दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न झालं. तसं ठरलं, तर नंतर ग्विझार्दोंनीच दटावून मुलीचं रंगाऱ्याशी लावलेलं दुसरं लग्न आपोआप मोडलं असतं. बायको नांदायला येत नाही, अशी रंगाऱ्याची तक्रार होती. लांबेर्तोनं भिंतीकडं बघत सगळंच नाकारलं होतं.

ओद्दो गिस्लाकडं वळला. “मुली, वडील तिथं होते?”

ग्विझार्दोंचा हात अजून पोथीवरच होता. गिस्ला त्याच्याकडं बघत राहिली.

“नाही. शब्द खरे आहेत, पण घरात आम्ही दोघंच होतो. बाबांचा गोंधळ झालाय.”

“गिस्ला!”

“गप्प बसा, बाबा.”

बेर्ता शपथ न घेताच मागं सरली. ओद्दोनं कारकुनाला ‘खोटी साक्ष’ न लिहिता ‘गोंधळ’ असंच लिहायला लावलं आणि निकाल दिला: ईस्टरच्या आत रंगाऱ्याच्या घरी जायचं, नाहीतर चर्चचा बहिष्कार. सुटलेल्या लांबेर्तोनं वर्गात करायचा तसाच वाकून गुरुजींना नमस्कार केला.

कमानींखालून बापलेक घरी निघाली.

“अगं वेडे, जिंकलो होतो आपण!”

“खोट्या शपथेवर? नरकात गेला असतात तुम्ही.”

“माझं मी बघितलं असतं. आता जाशील रंगाऱ्याकडं?”

“लग्न झालंय माझं. दुसऱ्याच्या घरात कशी झोपू?”

अशा बाईनं बहिष्कार सोसावा, पण दुसऱ्याकडं जाऊ नये, हे ग्विझार्दोच वर्गात सांगत आले होते. पोरं ते निमूट लिहून घेत.

घरी बेर्तानं वालाचं सूप वाढलं. गिस्ला उभीच होती.

“बाबा, बहिष्कृताच्या पंगतीला कुणी बसतं का?”

बापावर बहिष्कार पडला तर मुलांना त्याच्यासोबत जेवायची मुभा होती. मुलीवर पडला तर बापाला नव्हती. हा धडा गिस्लानं लहानपणापासून दाराआडून ऐकला होता.

“बापाला चालतं,” ग्विझार्दो म्हणाले. “कायद्यातच आहे तसं.”

या वेळी गिस्लानं त्यांचं बोलणं खोडलं नाही. ती बसली, पाव मोडला आणि मोठा तुकडा त्यांच्यापुढं ठेवला.