उजेड्या पाखातलं लाकूड

"बाई, हे लाकूड उजेड्या पाखात तोडलं आये. दारावर नोका ठेवू. घुण लागते याले."

इसरूभाऊ हे म्हणाले तेव्हा मी हसले होते. सुतारकाम, गवंडीकाम दोन्ही करणारा जंगलगावचा माणूस. मी बी.एस्सी. झालेली, आणि आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून तिथी-मुहूर्त कुणी पाहत नाही.

"आम्ही हे मानत नाही, भाऊ."

"मी पूजेचं नाई सांगून राह्यलो, किड्याचं सांगून राह्यलो. चांदण्यातल्या लाकडात रस राह्यते. किड्याले तो गोड लागते."

"मंग किड्यालेच पंचांग पाहू द्या," माझे मिस्टर, हरिदास, म्हणाले.

त्यांना घाई होती. जीपच्या टपावर कॅरिअर बसवून आणलं आणि पहिल्याच दिवशी ते गॅरेजच्या दाराला खडकन अडलं. दीड फूट कमी पडत होतं. दार उंच करायचं म्हणून इसरूभाऊंनी वरची भिंत फोडली, पण जुनी तुळई निघता निघता चिरली. मग मामंजींच्या बांधावरचं ऐनाचं झाड, नुकतंच पाडलेलं, तेच घेतलं. अर्धं आमच्या दारावर चढलं. उरलेलं अर्धं मी गिरजाबाईंना दिलं.

गिरजाबाई म्हणजे बाळंतपणात मला आणि तान्ह्या उत्पलाला तेल लावायला नदीपलीकडच्या वैरागडहून येणाऱ्या बाई. एकट्या राहतात. त्यांचं दार इतकं बुटकं, की कपाळावर कायम टेंगूळ. "आता मी बी मान वर करून घरात जाईन," म्हणाल्या. लाकूड बैलगाडीत मीच चढवून दिलं, हौसेनं.

त्याला दोन वर्षं झाली. या पावसाळ्यात जीपच्या बॉनेटवर पिवळसर पीठ दिसायला लागलं. पुसलं की दुसऱ्या सकाळी पुन्हा. उत्पला त्यात बोटानं रेघा ओढत बसायची. एकदा मी वर पाहिलं. तुळईला सुईनं टोचल्यासारखी भोकं होती. काठीनं ठोकलं, तर आवाज रिकाम्या डब्याचा. पोरीला उचललं आणि अंगणात आले.

इसरूभाऊंनी पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. मला वाटलं, आता ऐकवतील. पण त्यांनी बल्ल्यांचे टेकू लावले, खाली उतरले आणि एवढंच विचारलं, "दुसरं अर्धं कुठी आये?"

मिस्टर त्याच दुपारी जीप घेऊन निघाले. पुलावरून पाणी जात होतं, परत आले. आज चौथा दिवस. रोज जातात, रोज परत येतात. मी कार्ड टाकलं, पण पोस्टमनही त्याच पुलावरून जातो, आणि गिरजाबाईंना वाचता येत नाही. त्यांची भिंत मातीची, पावसानं जड झालेली. आणि त्यांना तांदूळ निवडायला दारातच बसायची सवय.

तुम्ही नदीच्या त्या बाजूला असाल, तर एवढं करा. वैरागडला तळ्याच्या पाळीजवळ त्यांचं घर आहे. त्या ओळीत उंच दार तेवढं एकच, निळं रंगवलेलं. उंबऱ्यावर पीठ सांडल्यासारखं दिसलं तर ते पीठ समजू नका. त्या चहाला आत बोलावतील, जाऊ नका. त्यांनाच बाहेर बोलवा. आरमोरीच्या उत्पलाच्या आईनं निरोप दिलाय म्हणा. त्या हसतील. तरी हात धरून बाहेर आणा.