आठ गेलती, आठ आली

रोज सकाळी सव्वानऊला मंगल फोन तोंडाशी धरायची आणि सांगायची, "आठ गेलती, आठ आली. समदी खुशाल." टिळकवाडी-हिंदवाडीतल्या आठ घरांत हा आवाज पोचला की तिथल्या बायकांचा जीव भांड्यात पडायचा. त्यांची कुत्री डोंगरावर मोकळी सोडलेली असायची, आणि ती परत गाडीत बसली हे त्यांना मंगलच्याच तोंडून ऐकायचं असायचं.

हे खूळ तिच्या भाचीचं, रूपालीचं. बेंगळूरला चार वर्षं नोकरी करून ती परतली ती ही कल्पना घेऊनच. कुत्र्यांना ओम्नीत घालायचं, पिरनवाडीच्या पुढं जांबोटी रस्त्याकडेच्या डोंगरावर न्यायचं, पट्टे काढायचे आणि दोन तास हुंदडू द्यायचं. बेळगावात निम्मी कुत्री जन्मभर मोकळीच हिंडतात आणि लोक त्यांच्यामागं दगड घेऊन लागतात. पण तोच मोकळेपणा गाडीतून नेऊन दिला की त्याला सर्व्हिस म्हणतात, आणि त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो. त्या ग्रुपवर बायकांना स्वतःचं नाव नसतं. ब्रुनोची मम्मी, कोकोची मम्मी, एवढीच ओळख.

पण पट्टा काढलेलं कुत्रं परत यावं कशाला? इथं रूपालीचं बेंगळूर संपायचं आणि चिंगीचं काम सुरू व्हायचं.

चिंगी म्हणजे उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या गेटावरची तांबडी गावठी कुत्री. त्या फाउंड्रीत मंगल वीस वर्षं वाळूचे साचे करायला होती. दुपारी स्टीलच्या डब्याचं झाकण तिनं दोनदा वाजवलं की चिंगी जिथं असेल तिथून पळत यायची. भाकरीचा चतकोर तिचा ठरलेला. फाउंड्रीनं बायकांना कामावरून कमी केलं त्या संध्याकाळी, रडणं कुणाला दिसू नये म्हणून मंगल बस सोडून चालत निघाली. मच्छे गावातल्या घरापर्यंत चिंगी मागं मागं आली. सगळ्यांनी जा म्हटलं त्या दिवशी सोबत आलेला तो एकच जीव होता.

डोंगरावरही तोच डबा. झाकण वाजलं की चिंगी सुसाट सुटायची आणि तिच्यामागं बाकीची आठ. कुणी रेंगाळलं तर ती त्याला खांद्यानं ढोसत आणायची. सर्व्हिस खरं तर तीच चालवत होती. पण मंगलनं कधी नऊ मोजली नाहीत. घरच्या माणसाला कोण मोजतं?

दिवाळीनंतर ब्रुनो नावाचा थोराड लॅब्रॅडॉर आला आणि त्याच्याबरोबर ग्रुपवर त्याची मम्मी आली. तिसऱ्याच दिवशी तिनं रूपालीनं ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओत चिंगीला हेरलं. हे गावठी कुत्रं कुणाचं? आमच्या मुलांना गोचड्या लागल्या तर? बघता बघता आणखी दोघींनी री ओढली.

"आत्ती, म्हैनाभर घरातच बांध तिला," रूपाली म्हणाली. "तवर ग्रुप इसरतोय."

"लस दिल्याली हाय तिला. कार्ड दाव की त्यास्नी."

"दावलं गं. तरीबी नको म्हणत्यात. तिघी सोडून गेल्या तर गाडी बंदच म्हणायची."

मग मीबी येत न्हाय, हे शब्द मंगलच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले. काम सुटल्यावरचं ते एक वर्ष तिला आठवलं, दिवसभर भिंतीकडं बघत बसण्याचं. पन्नाशीच्या बाईला कामाला कोण बोलावतंय?

"बरं," ती म्हणाली. या एका शब्दाची लाज तिला जन्मभर पुरणार होती.

पट्टा रूपालीनंच दिला. कोरा, निळा, सर्व्हिसचं नाव छापलेला. विनापट्ट्याच्या सहलीवाल्यांकडं पट्ट्यांची अख्खी पेटी होती, त्यातला हा पहिलाच कायमचा वापरात आला. गळ्यात घालताना चिंगीनं मान पुढं केली. तिला वाटलं असावं, काहीतरी लाडाचंच आहे. गाडी सुरू झाली तेव्हा मात्र तिनं असा हिसका दिला की परसातला खांब हलला. मंगल मागं वळून बघू शकली नाही.

डोंगरावर आता डबा वाजवून हात दुखायचे. कुत्री कान टवकारायची, चिंगीला शोधायची आणि परत आपल्या उद्योगाला लागायची. ओरडून ओरडून मंगलचा घसा बसला. अकराव्या दिवशी ब्रुनो सशामागं झुडपांत घुसला तो आलाच नाही. अर्धा तास गेला, तास गेला. रूपालीचा फोन वाजून वाजून थकला.

"आत्ती," ती रडवेली होऊन म्हणाली, "चिंगीला आणू या."

सात कुत्री गाडीत घालून दोघी मच्छ्याला आल्या. मंगलनं पट्टा सोडला तर त्याच्याखाली केस झडून कातडं लाल झालेलं. तिनं हात फिरवायला नेला, चिंगीनं मान चोरली. तरी डबा बघून गाडीत चढली.

डोंगरावर तिनं एकदा वारा हुंगला आणि निघाली. पाऊण तासानं झुडपं हलली. पुढं ब्रुनो, अंगभर कुसळं, जीभ लोंबलेली, आणि मागून त्याला ढोसत चिंगी. रूपालीनं ब्रुनोच्या गळ्यात पडून मुके घेतले, त्याला गाडीत ढकललं आणि दार लावलं.

मंगलनं भाकरी काढली. चिंगी दोन पावलं पुढं आली.

"आत्ती, थांब," रूपाली हळूच म्हणाली. "ब्रुनोची मम्मी घराच्या गेटात उभी हाय, मच्छ्याला वळायला येळ न्हाय. हिला गाडीत बघितलं तर संपलंच. झाडाला बांध हिला. तासाभरात न्यायला येऊ."

"आत्ता? हिनं त्याला हुडकून आणलंय गं!"

"म्हाईत हाय मला. माझं काळीज काय दगडाचं हाय व्हय? पण तासाभराचाच प्रश्न हाय."

इतके दिवस मंगलचा सगळा राग त्या मम्म्यांवर होता, थोडा रूपालीवर. आता रूपालीनं पुढं केलेला निळा पट्टा तिनं घेतला. एका हातात भाकरी, एका हातात पट्टा. तासाभराचा प्रश्न आहे, असं तिनंही स्वतःला सांगितलं.

चिंगीनं भाकरीकडं पाहिलं, मग पट्ट्याकडं, मग मंगलच्या तोंडाकडं. आणि होती तिथंच थांबली.

"ये गं बाय," मंगल म्हणाली. तिनं पट्टा फेकून दिला, डबा उचलला, झाकण दोनदा वाजवलं. गाडीतली आठही कुत्री काचांना नाकं लावून कुईकुई करू लागली. चिंगी वळली. पळाली नाही, घाई केली नाही. झुडपं ओलांडून ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरून गेली. डबा वाजत राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो वाजला आणि ती आली नाही.

"आत्ती, चल. दुपारी हुडकू तिला." रूपालीनं तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. वाटेत तिच्या हातात फोन दिला. "दोनदा इचारलंय ग्रुपवर. सांग तेवढं."

मंगलनं फोन तोंडाशी धरला. मागं आठ कुत्री धापा टाकत होती. तिनं ती एक एक करून मोजली, परत मोजली.

"आठ गेलती," ती म्हणाली, "आठ आली."

पुढचं 'समदी खुशाल' राहून गेलं. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हिंदवाडीच्या वळणाला पोचेपर्यंत आठ मम्म्यांचे आठ लाल बदाम येऊन पडले होते.