त्याला ठाऊक होतं

फेद्रियास बाजारात दिसला की आधी तोच हात वर करतो. "काय मेलांथ, बरं आहे ना?" मी म्हणतो, "बरं आहे." म्हणावं लागतं. त्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचं राज्य उलथलं, तेव्हा अख्ख्या अथेन्सने देवांसमोर शपथ घेतली, की झालं गेलं कुणी मनात धरणार नाही, कुणी कुणाचं जुनं काढणार नाही. मीही घेतली. ज्याने माझ्या भावाला मरणाच्या दारात नेऊन सोडलं, तो माझ्या शेजारच्या रांगेत उभा राहून तेच शब्द म्हणत होता. त्याचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत होता.

माझा भाऊ द्रोमोन कासवाच्या पाठीची तंतुवाद्यं बनवायचा. साधुपुरुष वगैरे नव्हता तो. फाशांत लबाडी करायचा, दारूत चारचौघांपेक्षा पाणी कमी घालायचा आणि हरला की भांडायचा. पण तिसांच्या त्या वाईट महिन्यांत आमच्या गल्लीतला एक माणूस जीव घेऊन शेजारच्या मेगारा शहराकडे पळाला, तेव्हा त्याला द्रोमोनने आपलं खेचर दिलं. कुणाला विचारलं नाही, मलाही नाही. चार दिवसांनी गल्लीभर झालं.

तिसांचे शिपाई सकाळी आले. द्रोमोन पावाचा तुकडा दारूत बुडवून खात होता. वहिनी, म्हणजे क्लीतो, चुलीपाशी होती. शिपायांना आमचं घर माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत सगळी दारं सारखी. त्यांना घर दाखवायला फेद्रियास आला होता. याच घरात तो शंभरदा जेवला होता. वहिनीच्या हातचं मसुराचं कालवण त्याला फार आवडायचं. तो म्हणाला, "द्रोमोन, चल. दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील. मी आहे ना." भाऊ उठला, हात पुसले आणि गेला. संध्याकाळपर्यंत त्याला विषाचा पेला पाजून झालेला होता. चौकशी नाही, खटला नाही. प्रेत न्यायला या, एवढा निरोप आला.

आता गुरुजींबद्दल सांगतो, कारण माझा राग निम्मा त्यांच्यावर आहे.

थेओक्लीस गुरुजी आखाड्याच्या ओसरीत बसायचे. आम्ही तिघे, मी, द्रोमोन आणि फेद्रियास, तरुणपणी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात होतो. त्यांचं सगळं शिकवणं एका गोष्टीभोवती फिरायचं: कुणीही जाणूनबुजून वाईट वागत नाही. चांगलं काय हे ज्याला खरोखर कळलं, तो वाईट करूच शकत नाही. वाईट करणारा दुष्ट नसतो, अडाणी असतो. त्याला शिकवा, की तो सुधारलाच. हे ऐकताना छाती भरून यायची. वाटायचं, जगातली सगळी घाण धुऊन काढता येईल, फक्त नीट शिकवायला हवं. द्रोमोन भिंतीला टेकून जांभया द्यायचा. फेद्रियास मात्र गुरुजींचा लाडका. सद्गुण म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणालाच मांडता यायचं नाही. गुरुजी म्हणायचे, "माझ्यामागे हा बसेल या जागेवर."

शपथ झाल्यावर दुसऱ्या वर्षी फेद्रियासचं नाव चिठ्ठीने नगरमंडळासाठी निघालं. मंडळात बसण्याआधी माणसाची जाहीर तपासणी होते. याच्यावर कुणाचा आरोप आहे का, असं सगळ्यांसमोर विचारतात. तपासणीच्या काही दिवस आधी गुरुजींचा निरोप आला, ये म्हणून. गेलो, तर ओसरीत फेद्रियास बसलेला. मी आल्या पावली वळलो.

"बस, मेलांथ," गुरुजी म्हणाले. त्यांना आता नीट दिसत नाही, पण पावलांवरून माणूस ओळखतात. "तुम्ही दोघं माझ्या पोरांसारखे. मनात काही ठेवू नका. बोलून टाका."

"बोलायचं नाही अशीच तर शपथ आहे," मी म्हणालो.

"ती बाहेर. इथे आपण फक्त विचार करतो."

विचार! माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "ठीक आहे, विचार करू. गुरुजी, तुम्ही शिकवलंत की जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. मग विचारा याला. द्रोमोनला घेऊन गेला तेव्हा याला काय माहीत नव्हतं? काय शिकवायचं राहिलं होतं तुमचं?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. फेद्रियास, तू सांग. त्या वेळी तुला ते चांगलं वाटलं असणार. शहराच्या भल्याचं वाटलं असणार. हो ना?"

मला वाटलं, आता हा हो म्हणणार. मी त्यासाठी दात आवळून बसलो होतो.

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मला ठाऊक होतं, गुरुजी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी हर्मिस देवाचा दगडी खांब आहे ना, मेलांथ, तिथे मी थांबलो. वाटलं, म्हणावं की घर आठवत नाही. एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या. हे वाईट आहे हे मला इतकं स्वच्छ ठाऊक होतं की तिथल्या तिथे तुम्हाला, गुरुजी, सिद्ध करून दाखवलं असतं. मग त्यांच्यातला एक म्हणाला, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, डावीकडे. आणि चालू लागलो."

"भीती वाटली तुला," गुरुजी घाईने म्हणाले. "भीती हे अज्ञानच. कशाला भ्यायचं हे तुला कळलं नव्हतं."

"भीती होती. पण तेवढंच नव्हतं. शिपायांबरोबर असलो की लोक मला वाट करून देत होते. मला ते आवडत होतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "खोटं कशाला सांगू?"

मी त्याच्या अंगावर धावून जायला हवं होतं. गेलो नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी पहिल्यांदाच मला त्याच्याशी बोलता आलं असतं. समोर एक माणूस होता, ज्याने केलेलं कबूल केलं होतं. पण गुरुजी मध्ये पडले. ते म्हणाले, "नाही, नाही. तुला वाटतं की तुला ठाऊक होतं. ते खरं ज्ञान नव्हतं. खरं ज्ञान असतं तर तू वळलाच नसतास. नीट बघ, फेद्रियास. तू स्वतःवर अन्याय करतो आहेस."

"स्वतःवर?" मी ओरडलो. आखाड्यातले कुस्ती खेळणारे थांबून बघायला लागले. "माझा भाऊ मेलाय! हा म्हणतो मी जाणूनबुजून केलं, आणि तुम्ही त्याला समजावताय की नाही रे बाळा, तू नाही केलंस? तुम्हाला द्रोमोनचं काही नाही. याचंही काही नाही. तुमचं ते एक वाक्य तेवढं वाचलं पाहिजे!"

गुरुजी म्हणाले, "रागात विचार होत नाही, मेलांथ."

मी निघून आलो.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती जातं फिरवत होती, थांबली नाही. भाऊ गेल्यावर शोकात कापलेले केस तिने पुन्हा वाढू दिलेले नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तपासणी कधी आहे?"

"परवा. पण मला बोलता येणार नाही, वहिनी. शपथ मोडली तर मलाच शिक्षा होईल."

"तुम्ही घेतली ना शपथ."

"सगळ्यांनी घेतली."

"मी नाही घेतली, भावोजी." तिने जात्यावरचं पीठ हाताने बाजूला केलं. "मला कुणी बोलावलंच नाही. तुम्ही पुरुषांनी ठरवलं, पुरुषांनी हात वर केले. माझ्या चुलीपासून माझ्या नवऱ्याला उठवून नेलं आणि मी विसरणार की नाही, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मग मी कशाला बांधलेली?"

बायकांनी मंडळाच्या दारात जायचं नसतं, लोक काय म्हणतील, असं काहीबाही बोललो. तिने पुन्हा जातं फिरवायला घेतलं.

तपासणीच्या दिवशी मंडळाच्या इमारतीबाहेर कठड्यापाशी गर्दी होती. दारं उघडी होती. गुरुजींना कुणीतरी हाताला धरून आणून पुढे बसवलं होतं. फेद्रियास पांढऱ्या झग्यात उभा. आईबाप कोण, देवांची पूजा करतोस का, आईबापांना सांभाळलंस का, सगळे प्रश्न झाले. मग मुख्य माणसाने विचारलं, "याच्यावर कुणाला आरोप करायचा आहे?"

मी जीभ चावून उभा होतो. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "मला."

वहिनी. डोक्यावरून पदर घेतलेला नाही, आखूड केस सगळ्यांना दिसतायत. माणसं अशी बाजूला झाली, जशी आग लागल्यावर होतात. कठड्यापाशी येऊन ती म्हणाली, "मी द्रोमोनची बायको. या माणसाने माझ्या घराचं दार शिपायांना दाखवलं. माझ्या हातचं खाल्लं होतं याने."

गलका झाला. मुख्य माणूस लाल झाला. "ही कुणाच्या घरची? कोण आहे हिचा कर्ता पुरुष?"

"मी," मी म्हणालो.

"मग आवर तिला! शपथ ठाऊक नाही का तुला?"

"ठाऊक आहे. मी घेतलीय, म्हणून मी एक शब्द बोलत नाही. तिने घेतलेली नाही. आणि मी तिला आवरणार नाही."

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी हसलं. मागून एक म्हातारा ओरडला, "बोलू द्या तिला! माझाही पोरगा गेलाय!" शेवटी मुख्य माणसाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि फेद्रियासला विचारलं, "आरोप म्हणून हे लिहिलं जाणार नाही. पण ऐकलंय सगळ्यांनी. तुला काही म्हणायचं आहे?"

मी त्याच्याकडे बघत होतो. आखाड्याच्या ओसरीतला माणूस शोधत होतो.

फेद्रियासने घसा साफ केला आणि बोलायला लागला. काय बोलला! त्याच्याइतकं स्वच्छ कुणाला बोलता येत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. तो म्हणाला, या बाईचं दुःख खरं आहे. मी गेलो होतो, नाकारत नाही. पण मला वाटलं होतं की दोन प्रश्न विचारून सोडतील. पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं. "माझ्या गुरूंनी मला शिकवलं आहे, की माणूस वाईट करतो तो अज्ञानाने. मी अज्ञानात होतो. आज शहाणा झालो आहे, आणि ते शहाणपण या शहराच्या कामी यावं एवढीच इच्छा आहे."

लोक हेलावले. कुणीतरी डोळे पुसले.

"गुरुजी!" मी कठड्यावर वाकून हाक मारली. "शपथ मोडत नाही मी. फक्त तुम्हाला विचारतो. तुमच्यासमोर हा काय म्हणाला होता, ते सांगा."

सगळे त्यांच्याकडे वळले. गुरुजींनी काठी दोन्ही हातांत धरली. मग ते म्हणाले, "तो जे म्हणाला, त्याचा अर्थ हाच होता."

हात वर झाले. फेद्रियास मंजूर झाला.

बाहेर मी गुरुजींना गाठलं. ज्याने त्यांना धरलं होतं त्याला बाजूला केलं. म्हणालो, "मला शेवटचं काहीतरी शिकवा. आत्ता आत बोललात, ते जाणूनबुजून बोललात की अज्ञानाने?"

चाळीस वर्षं कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असायचं, नाहीतर उलटा प्रश्न असायचा. त्या दिवशी काही नव्हतं. ते काठीने जमीन चाचपत होते, जणू उत्तर तिथे पडलंय. मला दया आली नाही. यायला हवी होती, म्हातारे होते. नाही आली.

त्यानंतर महिनाभराने एका दुपारी एक बाई आमच्याकडे आली. झाकून घेतलेली, सोबत फक्त एक मोलकरीण. ती फेद्रियासची बायको हेदिला होती. मी तिला परत पाठवायला निघालो होतो. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्ही आत जा."

आतून ऐकू येत होतं. हेदिला म्हणाली, "मला सांग काय झालं त्या सकाळी. घरी तो एक सांगतो, लोक दुसरं सांगतात." वहिनीने सांगितलं. पाव, चूल, दार, "मी आहे ना," सगळं. ओसरीत तो जे बोलला तेही. रडणं कुणाचंच ऐकू आलं नाही. हेदिला एवढंच म्हणाली, "त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला होता गं." मग वहिनीने तिला पाणी दिलं. ती गेली, ती नवऱ्याच्या घरी गेलीच नाही. बापाकडे गेली.

फेद्रियासने मला बंदराच्या रस्त्यावर गाठलं. मंडळातला माणूस, धावत आला होता, धाप लागली होती. "मेलांथ, तुझ्या वहिनीला सांग. हेदिलाला समजाव म्हणावं. जुनं काढायचं नाही असं ठरलंय ना आपलं? हा अन्याय आहे."

"अन्याय म्हणजे काय, फेद्रियास?" मी विचारलं. "तुला छान सांगता यायचं."

मी चालायला लागलो. मागून तो काहीतरी ओरडत होता, वाऱ्यात कळलं नाही. मला समाधान झालं असं कुणी समजू नये. द्रोमोन मेलेलाच आहे. बंदरावर पोचलो, चामड्याचा व्यापारी भाव सांगत होता, आणि मला त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता, इतका मी अजून रागावलेला होतो.