शेजारची खाट

दैवशालानं लेकीच्या हातातला राजगिऱ्याचा लाडू काढून घेतला.

"कुणी दिला?"

"शेजारच्या आजीनं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

शेजारच्या खाटेवर सखूबाई पाय दुमडून बसली होती. तिनं मान दुसरीकडं वळवली.

धाराशिवच्या बेघर निवाऱ्यात येऊन मायलेकींना नऊ दिवस झाले होते. तेरावं लागलेल्या ज्ञानेश्वरीची सोयरीक बापानं परस्पर पक्की केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दैवशाला तिला घेऊन घराबाहेर पडली. इथं कुणालाही गाव सांगायचं नाही, असं तिनं पोरीला बजावलं होतं. सखूबाई मात्र रोज काहीतरी विचारायची. बाप काय करतो? आई कामावरून किती वाजता येते?

"मावशी, माझ्या पोरीला काय बी इचारत जाऊ नका."

"बरं बाई. न्हाय इचारत."

त्या आवाजात राग नव्हता, म्हणून दैवशालाला ती जास्तच लबाड वाटली.

दुपारी खानावळीतलं भाकरीचं काम आटोपून ती परतली, तर दोन्ही खाटा रिकाम्या. दारावरचा वॉचमन म्हणाला, "एक माणूस येऊन गेला. मोबाईलवर तुमचा दोघींचा फोटू दावत व्हता. सखूबाईसंगं लई येळ बोलला."

"अन् माझी पोरगी?"

"न्हाय बघितली."

दैवशाला मागच्या अंगाला धावली. न्हाणीच्या दाराला पाठ लावून सखूबाई बसली होती, आणि पिळून ठेवलेलं लुगडं पुन्हा बादलीत बुडवत होती. दैवशालानं तिचा दंड धरला.

"कुठं हाय ती? कुणाच्या हवाली केलीस, सांग!"

सखूबाईनं बादली बाजूला सारली आणि दारावर बोटं वाजवली.

"उघड गं. तुझी आई आलीय."

कडी निघाली. ज्ञानेश्वरी बाहेर आली आणि आईला न बिलगता म्हातारीच्या मागं उभी राहिली.

"दोघी परवाच तुळजापूरच्या गाडीत बसल्या, असं सांगितलं म्या त्याला. गेलाय तिकडं."

दैवशालानं हात सोडला. म्हातारीच्या दंडावर तिची चारही बोटं उमटली होती.

सामान पिशवीत भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दारात ती थांबली.

"मावशी, तुमी बी चला आमच्यासंगं."

सखूबाईनं पदर दंडावर ओढून घेतला.

"तिकडं गावल्या न्हाईत की तो परत हितंच येईल. तवा त्याला पुन्हा फिरवायला हितं कुणी नको व्हय?"

आणि ती वॉचमनशेजारच्या पायरीवर जाऊन बसली.